नीवार, व्रीही आणि बुलेटचं ऑइल

मार्टिन हाउग हे जर्मन पंडित १८५९ साली पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृत शिकवायला आले. यज्ञाबद्दल पुस्तकात वाचून त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी जाणत्या याज्ञिकांना गाठलं, एकेक क्रिया समजून घेतली आणि सोमरसही चाखून पाहिला. चव इतकी वाईट की काही चमच्यांपलीकडे तो घशाखाली उतरेना. १८६३ साली मुंबईत छापलेल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आपल्या आवृत्तीत त्यांनी हा अनुभव नोंदवला. त्यासोबत आणखी एक नोंद केली: दख्खनचे याज्ञिक वापरतात ती वनस्पती वेदांतला सोम नव्हे, पुण्याजवळच्या डोंगरांत उगवणारी ती दुसरीच वनस्पती आहे.

पुण्याच्या याज्ञिकांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मूळ सोम मिळत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि तो न मिळाल्यास काय घ्यायचं याचा विचार शास्त्राने फार पूर्वी करून ठेवला होता. प्रश्न मात्र साधा नव्हता. विधी जुना आहे, त्यात सांगितलेली वस्तू आता मिळत नाही, आणि कर्म तर टाळता येत नाही. अशा वेळी नेमकं काय केलं म्हणजे विधी पाळला असं म्हणायचं?

त्याच पुण्यात, नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत, हा प्रश्न आजही रोज विचारला जातो. विचारणाऱ्याच्या हातात पोथी नसते, मोबाइलमध्ये काढलेला एका जुन्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो असतो. वडिलांची किंवा आजोबांची कास्ट आयर्न बुलेट त्याने पुन्हा चालू केलेली असते.

‘मामा, यात लिहिलंय ते ऑइल द्या.’

‘साहेब, हे आता येत नाही. हे घ्या, सगळे हेच नेतात.’

‘चालेल ना पण?’

‘न चालायला काय झालं?’

काउंटरवरचा हा संवाद अर्ध्या मिनिटात संपतो. ‘चालेल’ म्हणजे काय, आणि कशाच्या जोरावर, हे मात्र त्यात ठरत नाही.

बुलेटचंच उदाहरण घ्यायचं, कारण ती आपल्या नियमांपेक्षा जास्त जगली. भारतीय सैन्यासाठी ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या गेल्या आणि त्यातून १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया उभी राहिली. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात गाडी बनू लागली. १९७०च्या सुमारास मूळ इंग्रजी कंपनी संपली, पण मद्रासची बुलेट तेच इंजिन घेऊन पुढे चालत राहिली, पार २०१०च्या आसपासपर्यंत. या इंजिनाचा आराखडा चाळिशीच्या दशकातला. तेव्हा मल्टिग्रेड ऑइल बाजारात रूढ झालेलंच नव्हतं. त्या काळच्या इंग्रजी मोटारसायकलींच्या पुस्तिकांत एक तक्ता असे: उन्हाळ्यात अमुक, हिवाळ्यात तमुक, आणि पुढे कंपन्यांची नावं. बहुतेक नावं आता इतिहासजमा झाली आहेत. एखादं उरलं असेल, तर त्या नावाच्या डब्यात आज तेच ऑइल आहे असं नाही. म्हणजे पुस्तिका जपून ठेवली तरी तिची आज्ञा अक्षरशः पाळता येत नाही.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद नेमका या पेचावर आहे. शबरांनी त्यावर भाष्य केलं, कुमारिलांनी त्याचा विचार पुढे नेला. आणि वाईला केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश रचला त्यामुळे ही सगळी चर्चा मराठी अभ्यासकाच्या घरापर्यंत आलेली आहे. मीमांसकांचं उदाहरण शेतातलं आहे. यज्ञात अर्पण करायचा पुरोडाश नावाचा रोट व्रीहींचा, म्हणजे साळीच्या तांदळाचा करायला सांगितला आहे. व्रीही मिळाले नाहीत, किंवा मिळालेले मध्येच खराब झाले. मग काय? पूर्वपक्ष म्हणतो, याग सोडून द्या. वेदाने व्रीही सांगितले आहेत, दुसरं काही घातलं तर तो सांगितलेला याग उरलाच नाही. सिद्धान्त म्हणतो, नाही. नित्य कर्म सोडता येत नाही. व्रीहींच्या जागी प्रतिनिधी घ्यावा, आणि तो नीवारांचा घ्यावा. नीवार म्हणजे आपोआप उगवणारा रानटी देवभात.

नीवारच का, याचं उत्तर बारकाईचं आहे. ते व्रीहींसारखे दिसतात म्हणून त्यांना पसंती दिलेली नाही. व्रीहींत जे आहे त्यातलं बरंचसं नीवारांत सापडतं, आणि यजमानाला हवं असतं तेच. नीवार हातात घेतानाही त्याचा रोख व्रीहींवरच असतो. पुरे व्रीही मिळत नाहीत, तर त्यांचा जेवढा अंश नीवारांत आहे तेवढा तो घेतो. प्रतिनिधी ही दुसरी निवड नसते, पहिल्याच निवडीचा जेवढा हाती लागला तेवढा भाग असतो.

ऑइलच्या डब्यावरचे आकडे या दृष्टीने वाचले की त्यांचा अर्थ लागतो. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने १९११ पासून तेलाच्या घट्टपणाची वर्गवारी सुरू केली. डब्यावरचं एसएई ते हेच. त्यातला साधा आकडा, ४० किंवा ५०, तेल १०० अंश सेल्सिअसला किती घट्ट राहतं ते सांगतो. ४०च्या तेलाची घनता मोजायची नसते, वाहण्याला होणारा विरोध मोजायचा असतो: तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असला पाहिजे. ५०चं तेल १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. आता २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं ऑइल घेतलं तर तापलेल्या इंजिनात ते जुन्या एकेरी ५०च्याच पट्ट्यात बसतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. २० डब्ल्यूच्या तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांना होते. नागपूरच्या मे महिन्यात त्या आकड्याला काही काम नाही. पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटे मात्र पहिल्या चार किका जरा सोप्या जातात आणि तेल वर रॉकरपर्यंत लवकर पोचतं.

एकेरी ४०चं तेल हिवाळ्यात घट्ट होतं म्हणजे किती? १०० अंशांना ते जेवढं असतं, त्याच्या साधारण दहापट घट्ट ते ४० अंशांनाच असतं. थंड इंजिनात तर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून पुस्तिकेत उन्हाळा-हिवाळ्याचे दोन रकाने होते. मल्टिग्रेडने ते दोन रकाने एकत्र केले. तेव्हा पन्नाशीतल्या पुस्तिकेत ५० लिहिलं असेल आणि आज कोणी २०डब्ल्यू-५० घातलं, तर त्याने आज्ञेतला महत्त्वाचा अंश उचलला आहे: तापलेल्या बेअरिंगमध्ये टिकणारा तेलाचा थर. कास्ट आयर्न बुलेटला हेच ऑइल घालायची रीत पडली, ती या अर्थाने शास्त्रशुद्ध आहे.

मीमांसकांचा पुढचा नियम नाना पेठेच्या काउंटरवर पाटी करून लावावा असा आहे. समजा, व्रीही नाहीत म्हणून नीवार घेतले, आणि नीवारही संपले. आता तिसरी वस्तू शोधायची ती कोणासारखी? नीवारांसारखी की व्रीहींसारखी? निर्णय असा की व्रीहींसारखी. प्रतिनिधीचा प्रतिनिधी नसतो. दरवेळी माघारी मूळ विधीपाशी जायचं आणि तिथून नव्याने मोजायचं.

हा नियम का लागतो, ते ऑइलच्या व्यवहारात डोळ्यांनी दिसतं. पुस्तिकेत ५० आहे. दुकानात २०डब्ल्यू-५० नाही, म्हणून २०डब्ल्यू-४० घेतलं. फरक काय तो दहाचा. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गावात. तिथला मिस्त्री विचारतो, मागच्या वेळी काय घातलं होतं? २०डब्ल्यू-४०. मग हे १०डब्ल्यू-३० घाला, नवीन गाड्यांना हेच जातं. प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीच्या जवळचीच आहे, आणि कोणी कुठे खोटं बोललेलं नाही. पण पहिल्या पायरीवर १०० अंशांना किमान १६.३ सेंटिस्टोक होते, शेवटच्या पायरीवर किमान मर्यादा ९.३ वर आली. १०डब्ल्यू-३० वाईट ऑइल नव्हे. आजच्या बारीक फटींच्या, इंधन वाचवणाऱ्या इंजिनांसाठी ते बरोबर आहे. बुलेटच्या लोखंडी सिलिंडरला आणि जुन्या पद्धतीच्या बिगेंडला ते सांगितलेलं नाही, इतकंच. ‘सगळे हेच नेतात’ या वाक्यातली गफलत इथे आहे: सगळ्यांनी मोजलं ते मागच्या गिऱ्हाइकापासून.

आता सारखेपणाची दुसरी बाजू. त्याच पादात प्रश्न येतो की मुगाचा चरू करायचा आहे आणि मूग नाहीत, तर उडीद चालतील का? दोन्ही कडधान्यं, आकारानेही जवळची. तरी उडीद चालत नाहीत, कारण यज्ञात उडीद, कोद्रू आणि वरक निषिद्ध म्हणून वेगळे सांगितले आहेत. जे निषिद्ध आहे ते कितीही सारखं असलं तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. सारखेपणा ही पहिली चाळणी आणि निषेध ही दुसरी. दोन्हींतून उतरेल तेच घ्यायचं.

मोटारसायकलीतला उडीद म्हणजे कारचं इंधनबचत ऑइल. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० पासून पुढच्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लचप्लेटा त्या ऑइलात राहूनच एकमेकींना पकडतात. कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, तेवढंच पेट्रोल वाचतं. कारचा क्लच कोरडा, त्याला त्या ऑइलाचा स्पर्शही होत नाही. तेच ऑइल मोटारसायकलीत घातलं की चढावर गंमत दिसते: इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही. क्लच सटकतो. जपानच्या जासो संस्थेने १९९८ मध्ये मोटारसायकलींच्या ऑइलसाठी वेगळं मानक काढलं ते यासाठीच. क्लच पकडून ठेवणारी ती एमए, सटकवणारी ती एमबी. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन भाग पडले, एमए१ आणि एमए२. डबा उलटा करून मागची चौकट वाचली तर ही अक्षरं सापडतात. पुढच्या बाजूला रेसिंगचं चित्र असतं, त्याचा उपयोग नाही.

गंमत अशी की निषेधही कोणत्या कर्मातला ते पाहावं लागतं. कास्ट आयर्न बुलेटमध्ये तीन कप्पे तीन ठिकाणी आहेत: इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, क्लच आणि प्रायमरी चेनच्या केसिंगमधलं वेगळं. इंजिनातलं ऑइल क्लचला शिवतच नाही. म्हणून एमएची अट तिच्या इंजिनाला तशी लागू नाही, क्लचच्या केसिंगला आहे. पुढे आलेल्या युनिट कन्स्ट्रक्शनच्या बुलेटमध्ये हे कप्पे एक झाले आणि कंपनीने १५डब्ल्यू-५०, सोबत जासो एमए, असं सांगितलं. टाकीवरचं नाव तेच, आवाजही ओळखीचा, पण एकीची आज्ञा दुसरीला लावता येत नाही. ज्यांनी फक्त ‘बुलेटचं ऑइल द्या’ म्हटलं त्यांनी दुकानदारावर फार मोठी जबाबदारी टाकलेली असते. आणि जुन्या येझदी किंवा राजदूतवाल्याचा प्रश्न तर आणखी निराळा. त्याचं टूटी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं.

दोन्ही चाळण्या लावूनही एक धोका उरतो, मिसळण्याचा. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून पडलं. शर्यतीच्या गाड्यांत एरंडेलाचं ऑइल दीर्घकाळ वापरलं गेलं, आणि उत्तम चाललं. पण ते खनिज ऑइलाशी नीट मिसळत नाही. दोन्ही आपापल्या जागी चांगली, एकत्र केली की घाण. अर्धे व्रीही आणि अर्धे यव, म्हणजे जव, घेऊन पुरोडाश करू नये, हाही मीमांसकांचा निर्णय आहे: दोनपैकी एक पत्करलं की ते तडीस न्यायचं.

कशाकशाला प्रतिनिधी चालत नाही, याची यादीही जैमिनींनी दिली आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया. द्रव्य बदलेल, पण इंद्राचं हविष्य अग्नीला देऊन ते इंद्राला पोचलं असं म्हणता येणार नाही. आहवनीयाच्या जागी दुसरा अग्नी चालणार नाही. आणि सर्वांत शेवटी, स्वामीलाही प्रतिनिधी नाही. ऋत्विज दक्षिणा देऊन नेमता येतात, त्यांतला एखादा मध्येच गेला तर दुसरा बसवता येतो. पण ज्याच्यासाठी कर्म चाललं आहे त्या यजमानाच्या जागी दुसरा कोणी उभा राहू शकत नाही. मराठी घरांत पत्नी हजर नसेल तर कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायची चाल आहे, आणि वस्त्र नसेल तर वस्त्राच्या जागी अक्षता वाहतात. लोकाचाराने प्रतिनिधीचं क्षेत्र मीमांसकांपेक्षा पुष्कळ सैल केलं. पण पूजा करणाराच नाही म्हणून त्याच्या जागी सुपारी ठेवली, असं लोकाचारानेही केलेलं नाही.

क्रियेला प्रतिनिधी नाही, हे गाडीवाल्याला सर्वांत जड जातं. जुनं इंजिन थोडं ऑइल पितंच. दर पंधरवड्याला वरून थोडं घातलं की डिपस्टिकवरची रेघ भरते आणि ऑइल बदलल्याचं समाधान मिळतं. पण भर घालणं ही बदलण्याची बदली होत नाही. खाली राहिलेल्या ऑइलातला गाळ, पेट्रोलचा अंश आणि आम्ल तसंच राहतं, आणि त्याला आवरणारी रसायनं संपत आलेली असतात. बदलायचं म्हणजे गाडी थोडी फिरवून इंजिन गरम करायचं, ड्रेन नट सोडायचा, आणि तापलेली धार कापलेल्या कॅनमध्ये पूर्ण निथळेपर्यंत थांबायचं. चांगला मिस्त्री तेव्हा घाई करत नाही. तो निथळत्या धारेतलं ऑइल चिमटीत घेऊन चोळतो आणि उन्हात बोट फिरवून पाहतो. ऑइल काळं आहे म्हणून त्याचं तोंड वाकडं होत नाही. काळं होणं म्हणजे त्यातल्या डिटर्जंटने काजळी उचलून धरली आहे. तो शोधत असतो ती चकाकी. बोटावर चंदेरी किंवा पितळी कण चमकले तर प्रश्न ऑइलचा राहिला नाही, बिगेंड किंवा बुश बोलू लागले आहेत. काळ्या रंगावरून ‘ऑइल खराब’ म्हणणं आणि चकाकीवरून ‘बेअरिंग झिजलं’ म्हणणं, दोन्ही अनुमानंच. पहिल्यातला हेतू तकलादू आहे.

मग शब्द कोणाचा मानायचा? पुस्तिकेचा, मिस्त्रीचा की डब्यावरचा? नैयायिकांनी आप्त कोणाला म्हणावं याची कसोटी सांगितली: ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जे माहीत आहे तेच सांगायची ज्याची इच्छा आहे. न्यायभाष्यात वात्स्यायनांनी पुढे जाऊन म्हटलं की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू आहे. त्या हिशेबाने पुस्तिकेचा लेखक इंजिनाच्या बाबतीत आप्त आहे, कारण ते त्याच्या घरात बनलं. पण २०२०च्या दशकातल्या ऑइलाविषयी तो काही सांगूच शकत नाही. ऑइल कंपनीला आपलं ऑइल माहीत आहे, पण तिची इच्छा केवळ सांगण्याची नाही, विकण्याचीही आहे. म्हणून तिच्या जाहिरातीपेक्षा तिने छापलेले मानकांचे आकडे धरावेत. आणि चाळीस बुलेटी उघडून बसवलेला मिस्त्री चकाकीच्या बाबतीत आप्त आहे, रसायनांच्या बाबतीत असेलच असं नाही. एकाच माणसाकडे सगळं विचारायला जाणं हीच खरी चूक.

रसायनांचा विषय निघाला की जुन्या गाडीवाल्यांच्या अड्ड्यावर एक भीती हमखास ऐकू येते: नवीन ऑइलं जुनी इंजिनं खातात. या भीतीला आधार आहे, पण अर्धा. ऑइलात झेडडीडीपी नावाचं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग घालतात. कॅम आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासतात तिथे, दाब आणि उष्णतेत, त्याचा एक थर धातूवर बसतो. जाडी एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. झिजायचं ते हा थर झिजतो, पोलाद वाचतं. पुढे गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि फॉस्फरस त्यांना मारतो असं दिसलं. म्हणून २००४ च्या एपीआय एसएम श्रेणीपासून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. बुलेटचे टॅपेट सपाट, म्हणजे भीती खरी? मर्यादा आहे ती पातळ श्रेणींना, ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० सारख्या. २०डब्ल्यू-५० त्या मर्यादेत येत नाही. मोटारसायकलींच्या जासो मानकात तर फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असलाच पाहिजे, असं वरून आणि खालून दोन्हीकडून बांधलेलं आहे. मोटारसायकलीचं, योग्य घट्टपणाचं ऑइल घेणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. कारचं पातळ, भारीतलं, ‘अत्याधुनिक’ ऑइल मायेने घालणाऱ्याला आहे.

इथे यज्ञ आणि गॅरेज यांची तुलना कुठवर ताणायची, हेही पाहिलं पाहिजे. कर्म आज होतं आणि फळ पुष्कळ पुढे मिळतं. मधला काळ फळ कशात टिकून राहतं? मीमांसकांनी त्याला अपूर्व म्हटलं, न दिसणारी शक्ती. ऑइलाचा हिशेब वरवर तसाच. आज योग्य ऑइल घातलं तर आज काही दिसत नाही, चुकीचं घातलं तरीही दिसत नाही. दहा-वीस हजार किलोमीटरनंतर कॅम उघडल्यावर कळतं. पण तो थर सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतो, मोजता येतो. अपूर्व दाखवता येत नाही. म्हणून मीमांसक स्वतःच बजावतात की दिसणारं प्रयोजन हाती असताना न दिसणाऱ्याची कल्पना करू नये. साळ कांडायची ती तूस निघावं म्हणून, हे दृष्ट प्रयोजन. नखांनी सोलूनही तूस निघेल, तरी मुसळानेच कांडा असा नियम आहे. तेवढ्यापुरतंच, त्या ‘च’पुरतंच, त्यांनी अदृष्ट मान्य केलं.

बुलेटवाल्यांत या ‘च’चे उपासक आहेत. एकेरी ४०चं ऑइल अजूनही मिळतं, ट्रॅक्टर आणि डिझेल पंपवाले नेतात. काही जण हुडकून तेच घालतात, उन्हाळा-हिवाळा पाळतात, कारण वडील तसं करत. घर्षणाच्या शास्त्रात याला आधार नाही, आणि ते मागतही नाहीत. त्यांच्यापुरतं ते मुसळ आहे. वाद होतो तो त्यांनी या अदृष्टाला दृष्टाचे कपडे चढवले की: ‘जुन्या ऑइलानेच इंजिन थंड राहतं’ वगैरे. श्रद्धेने केलेली गोष्ट श्रद्धेने केली म्हणावं, तिच्या नावावर सेंटिस्टोक खपवू नयेत.

नित्य आणि काम्य हा भेदही इथे उपयोगी पडतो. अग्निहोत्रासारखं नित्य कर्म जमेल तेवढ्या अंगांनी करावं, पण सोडू नये. पावसासाठी केली जाणारी कारीरी इष्टी काम्य. तिची सगळी अंगं साधत असतील तरच सुरू करावी. ज्याची बुलेट रोज मंडईत आणि ऑफिसला जाते त्याची ऑइल बदली नित्य आहे. २०डब्ल्यू-५०चा अमुकच ब्रँड मिळेना म्हणून तो दोन महिने जुन्या ऑइलवर फिरला, तर त्याने अंगासाठी प्रधान सोडलं. उलट, एखाद्याने १९५६चं मॉडेल मूळ रंग, मूळ नट-बोल्ट, मूळ स्टिकरसकट विंटेज प्रदर्शनासाठी उभं केलं असेल, तर त्याचं कर्म काम्य. तिथे ‘चालतंय की’ चालत नाही.

प्रतिनिधी घ्यायचा तो का, यावरही बरंच अवलंबून आहे. १९७५ मध्ये केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री वैदिकांनी अतिरात्र अग्निचयन केलं, फ्रिट्स स्टाल यांनी त्याचं चित्रीकरण केलं. त्यात बोकडांच्या जागी केळीच्या पानांत बांधलेला तांदळाच्या पिठाचा गोळा वापरला गेला. बोकड मिळत नव्हते म्हणून नव्हे. मारायचे नव्हते म्हणून. जैमिनींचं प्रकरण अभावातून निघालेलं, पांजाळचा निर्णय विवेकातून निघालेला. असा बदल प्रतिनिधीच्या नियमात बसवता येत नाही. तो करणाऱ्यांनी आपण नियम बदलत आहोत हे मान्य करून, त्याचं कारण स्वतंत्रपणे द्यावं लागतं.

जुन्या गाड्यांच्या दुनियेत हा दुसऱ्या जातीचा प्रश्न आता दाराशी आला आहे. बजाजची चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली. तिला ऑइल नाही, धूर नाही, नाव तेवढं जुनं. जुन्या पेट्रोल गाड्यांत मोटर आणि बॅटरी बसवून देण्याचा व्यवसायही उभा राहतो आहे. आजोबांच्या बुलेटचं इंजिन उतरवून तिथे बॅटरी बसवली, तर ती बुलेट चालू ठेवली असं म्हणायचं का? अभावाचं कारण इथे पुरत नाही, कारण ऑइल मिळतं, पेट्रोल मिळतं, सुटे भागही मिळतात. कारण द्यायचं तर पांजाळसारखं द्यावं लागेल: हवा, धूर, गोंगाट, आणि पुढची पिढी. ते कारण वजनदार आहे, आणि काही घरांत ते ऑइलच्या सगळ्या हिशेबावर मात करील. पण जैमिनींच्या यादीत अग्नीला प्रतिनिधी नाही, आणि सिलिंडरमधली ठिणगी हाच त्या इंजिनाचा अग्नी. बॅटरी बसवणारा माणूस २०डब्ल्यू-५०ची बदली शोधत नसतो. तो जुन्या चासीवर नवं कर्म आरंभत असतो, आणि त्याची पुस्तिका त्याला पहिल्या पानापासून लिहावी लागेल.